कांद्याच्या लांब पल्ल्यावरून टँकर किंवा कंटेनर ट्रेलरकडे जावे का?

प्रश्न (सिन्नर, ट्रकचालक)

नमस्कार. मी अनेक वर्षे बारा टायरच्या गाडीवर लांब पल्ल्याचे काम करतो. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथे कांदा भरायचा, बेंगळुरू किंवा चेन्नईला खाली करायचा आणि परतीला जो माल मिळेल तो घेऊन यायचे, असा क्रम आहे. कांदा उन्हात फार काळ थांबू शकत नाही, त्यामुळे जाताना मालकाचे फोन सुरू असतात. येताना मात्र परतीचा माल ठरेपर्यंत ट्रान्सपोर्टनगरीत दिवसच्या दिवस पडून राहावे लागते आणि त्या दिवसांचा खर्च भत्त्यातूनच होतो. वय चाळिशीच्या पुढे गेले आहे, मुलगी पुढच्या वर्षी दहावीला जाईल आणि घरापासून इतके दिवस दूर राहणे आता मनाला पटत नाही.

सध्या माझ्यापुढे दोन कामे आहेत. एक म्हणजे मनमाडजवळच्या पानेवाडी येथील डेपोतून पेट्रोल-डिझेल नेणारा टँकर. त्यात पगार ठरलेला आहे, परंतु आज मला जे मिळते त्यापेक्षा तो कमी आहे. दुसरे काम अंबड औद्योगिक वसाहतीतून न्हावा शेवा बंदरापर्यंत कंटेनर ट्रेलर चालवण्याचे आहे. तेथे पैसे फेरीवर आहेत आणि महिन्याला नेमक्या किती फेऱ्या होतील हे कोणीच खात्रीने सांगत नाही. माझ्याकडे जड वाहनाचा परवाना आहे, शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे आणि ट्रेलर मी आजवर चालवलेला नाही. ज्यांनी असा बदल केला आहे किंवा जवळून पाहिला आहे, त्यांनी कामाचे स्वरूप, कागदपत्रे आणि पैशांचा खरा हिशेब याविषयी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (मनमाड, निवृत्त टँकरचालक)

दादा, टँकरचे काम मी आयुष्यभर केले आहे, म्हणून त्याविषयी अधिकाराने लिहितो. ट्रेलरविषयी इतर जाणकार लिहितील.

आधी कागद. धोकादायक मालाची गाडी केवळ जड वाहनाच्या परवान्यावर चालवता येत नाही. परवान्यावर तशी स्वतंत्र नोंद असावी लागते आणि त्या नोंदीसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 9 मध्ये हे सारे दिले आहे. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता येणे हीदेखील त्याच नियमातील अट आहे. तुमची दहावी झालेली असल्याने येथे अडचण येऊ नये, मात्र इंग्रजी वाचनाचा थोडा सराव ठेवा, कारण टाकीवरचा धोक्याचा फलक आणि केबिनमध्ये ठेवायचे आपत्कालीन सूचनांचे कार्ड तुम्हाला स्वतः वाचता आले पाहिजे. पेट्रोलच्या टँकरवर 1203 हा क्रमांक असतो, डिझेलसाठी 1202 आणि एलपीजीसाठी 1075. अपघात झाला तर अग्निशमन दलाचे लोक दुरूनच तो क्रमांक पाहून काय करायचे ते ठरवतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर साधा व्यावसायिक परवाना पाच वर्षे चालतो, परंतु धोकादायक मालाचा परवाना तीन वर्षांचाच असतो आणि नूतनीकरणापूर्वी एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. ही तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. ठेकेदाराच्या भरवशावर राहू नका.

आता गाडीविषयी. कांद्याच्या गोण्या जेथे रचल्या तेथेच बसून राहतात, इंधन तसे राहत नाही. टाकी काठोकाठ भरत नाहीत, कारण उन्हाने इंधन फुगते आणि त्याला वर जागा ठेवावी लागते. त्या मोकळ्या जागेमुळे आतले इंधन हलते राहते. तुम्ही ब्रेक दाबून गाडी थांबवली तरी आतला लोंढा क्षणभराने पुढे येऊन आदळतो आणि गाडीला पुढे रेटतो. टाकीचे कप्पे आणि आतल्या आडव्या पत्र्यांमुळे पुढे-मागे होणारा धक्का बराच कमी होतो, परंतु वळणावर इंधन एका बाजूला चढते ते ते पत्रे अडवू शकत नाहीत. टाकीचे वजन उंचावर असल्याने टँकर उलटतो तो बहुतेक वळणावर, आणि चालकाला काही जाणवेपर्यंत आतली चाके उचललेली असतात. म्हणून वेग वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात शिरल्यावर नव्हे. त्यातही एखादा कप्पा एका पंपावर अर्धा रिकामा करून पुढे निघालात, तर ती गाडी भरलेल्या गाडीपेक्षा अधिक जपून चालवावी लागते. लांब पल्ल्याचा अनुभवी चालक या कामात पहिले काही महिने चाचपडतो तो येथेच, कारण भरलेली गाडी जड आणि रिकामी हलकी एवढाच अंदाज त्याच्या हातापायांत मुरलेला असतो.

पंपावर पोहोचल्यावरचे काम हे गाडी चालवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. गाडी सपाट जागी लावायची, इंजिन आणि मुख्य स्विच बंद करायचा, अर्थिंगची तार जोडायची, अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवायचे आणि टाकीतील हालचाल शांत होईपर्यंत थांबायचे. त्यानंतर पंपाचा माणूस सील तपासतो, डिप म्हणजे मोजपट्टी टाकून पातळी कॅलिब्रेशन चार्टशी, म्हणजे कोणत्या पातळीला किती लिटर होतात त्या तक्त्याशी, जुळवतो आणि घनता मोजतो. या वेळी तुम्ही तेथेच उभे राहिले पाहिजे. माल कमी भरला असे कोणी म्हणाले, तर पाइप जोडण्यापूर्वीच्या या नोंदीच तुमच्या बाजूने बोलतात. एकदा माल उतरवायला सुरुवात झाली की मग वाद घालून काही हाती लागत नाही. पंपावरचे लोक घाईत असले तरी नोंद पूर्ण झाल्याशिवाय पाइप जोडू देऊ नका.

गाडीवर मागोवा घेणारे यंत्र असते. ठरलेला मार्ग सोडला किंवा भलत्याच ठिकाणी गाडी थांबवली तर खुलासा मागितला जातो. ढाब्यावर मनाला येईल तेव्हा थांबण्याची सवय असलेल्या चालकाला हे जाचक वाटते. मला स्वतःला यात समाधान वाटत असे, कारण वाटेत कोणी मालाला हात लावण्याची भाषा करीत नसे. पानेवाडीहून जाणाऱ्या बऱ्याच फेऱ्या जवळच्या जिल्ह्यांतल्या असतात, त्यामुळे बहुतेक रात्री घरी झोपता येते. मुलीच्या दहावीचे वर्ष लक्षात घेता मी तुम्हाला टँकरच सुचवेन.

उत्तर २ (उरण, ट्रेलरचालक)

वरील उत्तरात टँकरविषयी जे लिहिले आहे ते योग्यच असेल, परंतु ट्रेलरचे कामही वाईट नाही. ते कोणत्या मालकाकडे आहे, यावर मात्र सारे अवलंबून असते.

तुम्ही बारा टायरची गाडी चालवता, म्हणजे वजनाची भीती तुम्हाला नाही. नवे असेल ते मागे घेणे. घोडा, म्हणजे पुढचा इंजिन आणि केबिनचा भाग, आणि मागचा सांगाडा यांच्यामध्ये सांधा असल्यामुळे ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे न्यायचा असेल तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते आणि ट्रेलर वळू लागताच घोडा पुन्हा त्याच्या मागे आणावा लागतो. रिकाम्या मैदानात हे लवकर जमते. गोदामाच्या अरुंद आवारात, मागे दुसरी गाडी हॉर्न देत असताना, जमायला वेळ लागतो. पुढे जाताना मागची चाके घोड्याच्या चाकांपेक्षा आतून कापतात, म्हणून डाव्या वळणावर दुचाकीवाला आत शिरला आहे का हे आरशात पाहिल्याशिवाय वळू नये. घोडा जोडल्यावर किंगपिनचे, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खिळीचे, कुलूप बसले आहे का ते खाली वाकून डोळ्यांनी पाहावे आणि ट्रेलरचे ब्रेक लावून गाडी हलकेच पुढे ओढून खात्री करावी. कंटेनरच्या चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक, म्हणजे कंटेनर सांगाड्याला पकडून ठेवणाऱ्या फिरत्या खिट्ट्या, बसले आहेत का हेही स्वतः पाहावे. क्लीनरने सांगितले म्हणून गाडी हलवू नये. विशेषतः रिकामा चाळीस फुटी कंटेनर असताना हे फार महत्त्वाचे आहे, कारण तो वजनाने चार टनांच्या आतच असतो आणि आडवा वारा त्याला सहज धरतो.

पैशांच्या बाबतीत ट्रेलरवाल्याचा खरा शत्रू म्हणजे रांग. रिकामा कंटेनर यार्डातून उचलणे, कारखान्यात माल भरून होईपर्यंत थांबणे, पार्किंगमध्ये नंबर लागण्याची वाट पाहणे आणि बंदराच्या गेटवर कागद न जुळल्यास पुन्हा बाहेर येणे, या सगळ्यांत वेळ जातो. मला ठाऊक असलेल्या एका ठिकाणी चालकांना फेरीचे पैसे चोख मिळतात, परंतु रांगेत गेलेल्या दिवसाचा एक रुपयाही मिळत नाही. माल पाठवणाऱ्या पार्टीकडून मालक मात्र थांबण्याचे पैसे वसूल करतो. म्हणून बोलणी करताना फेरीचा दर विचारण्याआधी हॉल्टिंगचे, म्हणजे थांबण्याचे, किती आणि कितव्या तासापासून, हे विचारा आणि जमल्यास व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. पुढे वाद झाला तर तोंडी बोलण्याला कोणी किंमत देत नाही.

आणखी एक गोष्ट. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत साध्या मालासाठी दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी धरली जाते. अंबडहून निघालेली गाडी अंतराने मुदतीत असते, परंतु रांगेत अडकली तर ती मुदत उलटू शकते. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. हे काम कार्यालयाचे आहे, पण रस्त्यात गाडी अडवली तर समोर उभे तुम्हीच असता, म्हणून वेळेवर फोन करून कळवणे आपल्या हिताचे असते. गेटवर शिरण्यापूर्वी कंटेनरचा क्रमांक, म्हणजे चार अक्षरे आणि सात अंक, तसेच सीलचा क्रमांक कागदाशी स्वतः जुळवून पाहावा.

नाशिकच्या कामात जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षांचा हंगाम येतो. तेव्हा शीतकंटेनर ओढायला मिळतात आणि फेऱ्याही नियमित होतात. त्या कंटेनरला वाटेतही वीज लागते, म्हणून जनरेटर जोडलेला असतो. शून्य अंशाच्या आसपासचे तापमान पडद्यावर टिकून आहे का, हे प्रत्येक थांब्यावर पाहणे चालकाचे काम असते. जनरेटर बंद पडल्याचे दोन तासांनी लक्षात आले तर एका बागायतदाराच्या वर्षभराच्या कष्टाचे नुकसान होऊ शकते, हे मनात ठेवूनच ते काम घ्यावे.

रस्त्याविषयीही लिहितो. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळून खाली उतरता येते. मात्र टोल वाचवण्यासाठी काही मालक अजून घाटातूनच जायला सांगतात. तुमचा मालक कोणता मार्ग देणार आहे, हे आधीच विचारून घ्या. पावसाळ्यात रिकामा ट्रेलर घेऊन घाट उतरताना जोरात ब्रेक लावला, तर मागचा भाग घसरून घोड्याच्या बाजूला येतो. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे आणि एक्झॉस्ट ब्रेकचा, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणाऱ्या ब्रेकचा, आधार घ्यायचा, हा नियम तेथे कधीही मोडू नये.

उत्तर ३ (निफाड, चालकाची पत्नी)

दादा, माझे यजमान आधी लांब पल्ल्यावर होते आणि आता जिल्ह्यातच दुधाच्या टँकरवर आहेत, म्हणून घरच्या बाजूने लिहिते.

पगार कमी झाला हे खरे आहे. परंतु लांब पल्ल्याच्या काळात भत्त्यातून जेवण, आंघोळ, चहा, टायरवाला, वाटेतली चिरीमिरी असे सगळे जाऊन घरी नेमके किती येते, हे आम्ही कधी नीट मांडलेच नव्हते. ते कागदावर मांडले तेव्हा दोन्ही कामांतला फरक आम्हाला वाटत होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. तुम्हीही वहिनींना सोबत बसवून गेल्या सहा महिन्यांचा हिशेब करा, कारण घरात किती पैसे पोहोचले हे त्यांना तुमच्यापेक्षा अधिक अचूक माहीत असेल.

दुसरे असे की घरी येणे म्हणजे घरी असणे नव्हे. दूध टँकरची वेळ पहाटेची असते, त्यामुळे यजमान दुपारी झोपतात आणि मुले शाळेतून येतात तेव्हा घरात आवाज करू नका असे सांगावे लागते. आम्ही आता रात्रीचे जेवण लवकर आणि एकत्र करतो, तेवढा तास कोणी मोडत नाही. टँकरच्या भरण्याच्या वेळा नेमक्या काय आहेत, गाडी रात्री उभी राहते की चालते, हे पगाराआधी विचारा. मुलीच्या परीक्षेच्या काळात तुम्ही कोणत्या वेळी घरी जागे असाल, हे त्यावरूनच ठरेल.

उत्तर ४ (पुणे, वाहतूक कार्यालयात हिशेब पाहणारा)

वरील तिन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. मी केवळ काम सोडण्याच्या आणि नवे धरण्याच्या व्यवहाराविषयी लिहितो, कारण चालक फसतात ते बहुतेक येथेच.

सध्याच्या मालकाकडून तुम्ही उचल घेतली असेल, तर ती किती आणि आतापर्यंत किती फिटली याचा आकडा आजच मागून घ्या. काम सोडतो म्हटल्यानंतर तो आकडा वाढलेला दिसतो, असा अनेकांचा अनुभव आहे. उचल असल्यामुळे मूळ परवाना मालकाने ठेवून घेतला असेल तर तो परत मागा. परवाना डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दाखवला तरी तो कायद्याने ग्राह्य धरला जातो, त्यामुळे कागद दुसऱ्याच्या कपाटात आहे म्हणून तुमचे काम अडू नये. गाडीवरची ई-चलाने कोणाच्या नावे टाकली जाणार, हेही आत्ताच मिटवा. अतिवेगाचे चलान चालकाकडे येणे समजू शकते, परंतु जादा माल मालकाने भरायला लावला असेल तर त्याचा दंड तुमच्या हिशेबातून वळता होता कामा नये.

पैशांची तुलना महिन्याच्या रकमेवर करू नका, कामात अडकलेल्या तासांवर करा. समजा, लांब पल्ल्यावर खर्च वजा जाता 30,000 रुपये उरतात आणि तुम्ही महिन्यातील 26 दिवस रोज 14 तास गाडीला बांधलेले असता. हे 364 तास झाले, म्हणजे तासाला सुमारे 82 रुपये. टँकरवर 22,000 मिळतात आणि 26 दिवस रोज 10 तास जातात, असे धरले तर 260 तासांचे तासाला सुमारे 85 रुपये पडतात. आकडे तुमचे स्वतःचे घाला. रांगेत आणि ट्रान्सपोर्टनगरीत बसून काढलेले तासही त्यात धरा, कारण तेव्हा तुम्ही घरी नव्हता. ट्रेलरच्या कामासाठी हीच आकडेमोड चांगल्या महिन्याची आणि वाईट महिन्याची अशी दोनदा करा. वाईट महिन्यात घरखर्च भागत नसेल, तर चांगल्या महिन्याची रक्कम पाहून निर्णय घेऊ नका.

भविष्य निर्वाह निधीविषयी नक्की विचारा. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो. आधीच्या कोणत्याही कामात तुमचा खाते क्रमांक निघाला असेल तर नव्या ठिकाणी दुसरा काढू देऊ नका, तोच पुढे चालवा. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि दर वेळी नोकरी बदलताना रक्कम काढून घेतली, तर ती वर्षे जुळत नाहीत. चाळिशीत असलेल्या माणसाने हा मुद्दा दुर्लक्षित करू नये. मी पाहिलेल्या चालकांपैकी बहुतेकांनी तो दुर्लक्षित केला आहे आणि त्यांची मला मनापासून काळजी वाटते.

गाडीविषयी एक छोटी गोष्ट. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. जुन्या गाड्यांना ते लागू नाही. एप्रिल-मे महिन्यांत मनमाड परिसरात दिवसभर फिरायचे असेल, तर कोणती गाडी हाती मिळणार आहे हे विचारणे मुळीच गैर नाही.

प्रश्नकर्ता (सिन्नर)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंच्या सूचनेप्रमाणे काल रात्री घरच्यांसोबत बसून हिशेब मांडला. परतीच्या मालाची वाट पाहण्यात गेलेले दिवस धरल्यावर टँकरचा पगार मला वाटत होता तितका कमी राहिला नाही. ट्रेलरचे काम आवडेल असे वाटते, परंतु त्या मालकाने हॉल्टिंगविषयी विचारताच विषय बदलला, त्यामुळे सध्या टँकरकडे कल आहे. कांद्याची आवक थोडी कमी झाली की तीन दिवसांचे प्रशिक्षण आधी पूर्ण करीन आणि परवान्यावर नोंद झाल्यावरच सध्याच्या मालकाला सांगेन. ठेकेदाराचे म्हणणे मात्र असे आहे की नोंद होईपर्यंत थांबायची गरज नाही, चार-सहा फेऱ्या चालवून पाहा, प्रशिक्षण नंतर करता येईल. यावर काय करावे?

उत्तर १ (मनमाड, निवृत्त टँकरचालक)

नोंद होईपर्यंत भरलेल्या टँकरच्या स्टिअरिंगला हात लावू नका. एक किलोमीटरसुद्धा नाही. त्या फेरीत काही घडले, तर विमा कंपनी परवान्यातील उणिवेवर बोट ठेवील, ठेकेदार हात वर करील आणि पोलिसांच्या कागदावर नाव तुमचे राहील. काम पाहायचे असेल तर डेपोच्या नियमांनुसार परवानगी मिळत असल्यास मदतनीस म्हणून सोबत जा आणि पंपावर माल उतरवण्याची पद्धत पाहून घ्या. ज्या ठेकेदाराने पहिल्याच भेटीत नोंदीशिवाय गाडी चालवायला सांगितले, त्याच्याकडे गाडीची तपासणी आणि टायर कसे असतील याचीही चौकशी करा. पानेवाडीत ठेकेदार एकटाच नाही. प्रशिक्षण पूर्ण करून या, मग इतरांकडेही विचारता येईल. प्रशिक्षणाला जाताना मूळ परवाना, त्याच्या प्रती आणि छायाचित्रे सोबत ठेवा आणि परवान्याची मुदत जवळ आली असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याच आठवड्यात काढून घ्या, म्हणजे परिवहन कार्यालयात दोनदा रजा टाकून जावे लागणार नाही.